शिजणाऱ्या सरसाचा वास

भाऊबीज उरकते, बांध्यांमध्ये कापलेल्या धानाच्या कडपा उन्हात आडव्या पडतात आणि आमच्या झाडीपट्टीत मंडईचे, म्हणजे गावजत्रांचे दिवस लागतात. आज या गावची मंडई, उद्या पलीकडच्या गावची. लेकी माहेरी येतात, जावई रुसतात, जिलेबीवाला एका गावातली कढई उचलून दुसऱ्या गावात मांडतो. दिवसा दंडार आणि खडी गंमत ही आमच्याकडची लोकनाट्यं, अंधार पडला की नाटक. मी नाटकवाली बाई. तरुणपणी नायिका केली, मग वहिनी, आता आईची कामं करते. आणखी काही वर्षांनी मला भिंतीवरच्या हार घातलेल्या फोटोचं काम देतील. इतरांचा फराळ संपतो तेव्हा माझी दिवाळी सुरू होते.

या दिवसांत ओल्या तणसाचा, म्हणजे धानाच्या पेंढ्याचा वास आला की पाठोपाठ मला दुसरा एक वास येतो. तो खरं तर कुठूनच येत नसतो. शिजणाऱ्या सरसाचा वास. पूर्वी सुतार लाकूड चिकटवायला वापरत तोच हा, जनावरांच्या कातड्याहाडांपासून केलेला सरस. त्याची लादी फोडून पाण्यात भिजवायची आणि मंद आचेवर शिजवायची, म्हणजे असा काही वास सुटतो की नवखा माणूस नाक धरून गल्लीच्या तोंडातूनच परत फिरेल. आम्ही त्या वासात जेवलो आहोत. मला त्याची कधी किळस आली नाही. किळस म्हणजे काय ते मला पुढे, चांगल्या सुगंधी जागेत उभं राहून कळलं.

गोंदियात रेल्वे लाइनीच्या पलीकडे एक राइस मिल होती. तिथं उसना तांदूळ निघायचा, म्हणजे धान उकडून वाळवावं लागायचं आणि त्यासाठी मिलपुढे सिमेंटचं भलंमोठं पटांगण होतं. भावाभावांच्या भांडणात मिल बंद पडली, बॉयलर गंजला, पटांगण तेवढं ठणठणीत राहिलं. मिलच्या मागच्या भिंतीला टेकून आमची गल्ली. ढोलक मढवणारे, बँडवाले, मेकअपवाला, नाटकाचे कपडे शिवणारा टेलर आणि मी. घरं मिलच्या जागेवर. आमच्या नावावर दाराची कडीसुद्धा नव्हती, पण तेव्हा ते कुणाच्या ध्यानात नव्हतं. गल्लीत मराठी, हिंदी, पोवारी आणि छत्तीसगढी अशा चार भाषांत भांडणं व्हायची आणि समेट बहुतेक चहावर व्हायचा.

गल्लीच्या टोकाला चैतराम पेंटरचं घर. हा माणूस नाटकांचे पडदे रंगवायचा. राजवाडा, जंगल, झोपडी आणि रस्ता. कुठल्याही नाटक मंडळाला हे चार पडदे लागायचेच, आणि आमच्या भागातल्या अर्ध्या मंडळांचे पडदे चैतरामभाऊच्या हातचे असायचे. दसरा झाला की मांजरपाटाचे पट्टे शिवून एवढं मोठं कापड व्हायचं की ते घरात मावणं शक्यच नव्हतं. ते पटांगणात पसरायचं, कडांना विटा ठेवायच्या, सरस आणि खडूचं अस्तर द्यायचं, रंगही सरसातच कालवायचा आणि मग भाऊ अनवाणी त्या कापडावर उतरायचा. हातात चुन्याला वापरतात तसला कुंचा. पडदा जमिनीवर पसरूनच रंगवता येतो, भिंतीवर टांगून नाही, ओला रंग ओघळतो. म्हणून ते पटांगण म्हणजे त्याचा अन्नदाता होता.

पण इतकं मोठं चित्र त्याच्यावर उभ्या असलेल्या माणसाला दिसत नाही. त्याला फक्त पायाखालची वीतभर रेघ दिसते. म्हणून त्याची बायको, यमुनावहिनी, मिलच्या लोखंडी जिन्यावर चढून वरच्या पायरीवर बसायची, मांडीवर निवडायचे तांदूळ, आणि वरून ओरडायची, खांब वाकडा होऊन राहिला, झाड राजवाड्यात घुसून राहिलं, अन् हे दार हाये का बीळ. भाऊ खालून तिला शिव्या द्यायचा आणि रेघ पुसायचा. लोक चैतराम पेंटरचा हात वाखाणत. त्या हाताचे डोळे जिन्यावर बसलेले असत, हे गल्लीला माहीत होतं.

रस्त्याच्या पडद्याचा त्याचा एक नियम होता. त्याच्या गुरूचा, गुरूच्या गुरूचा. रस्त्याच्या पडद्यावर माणूस काढायचा नाही. घरं काढा, दारं काढा, हापसा काढा, कौलावर भोपळ्याचा वेल सोडा. पण माणूस नाही, कुत्रंसुद्धा नाही. नाटकभर रस्त्यावर एकच माणूस पाय उचलून उभा आहे आणि त्याचा पाय काही खाली येत नाही, असं बघून प्रेक्षक हसतात, हे एक कारण. दुसरं कारण भाऊ सांगायचा नाही. रस्त्याचा पडदा काढताना तो दरवेळी आपलीच गल्ली काढायचा, आणि चिचगडच्या जंगलातल्या मंडईपासून सौंदडपर्यंत कुठंही पडदा उघडला की माझ्या पाठीमागे माझंच दार असायचं. मी नायिका म्हणून रडायची ती माझ्या दाराशी रडायची. त्यामुळे ते रडणं जरा जास्तच खरं व्हायचं.

मग दोन हजार आठ-नऊच्या सुमाराला मिलची जागा विकली गेली. घेणाऱ्याला सगळे शेठ म्हणत, मीही तेवढंच म्हणते. शेठ गोड माणूस. गोड माणसांचा मला तेव्हापासून राग येतो. त्यानं कुणाला हाकललं नाही, कुणावर आवाज चढवला नाही. एकेका घरी येऊन बसला, चहा प्यायला, मुलांच्या डोक्यावरून हात फिरवला आणि सहा महिन्यांत गल्ली रिकामी झाली. जाताना लोक त्याच्या पाया पडले. आठवलं की तोंडात कडू येतं.

बिल्डिंगी उभ्या राहण्याआधी नागपूरहून एक कलासल्लागार मॅडम आल्या. पडक्या घरांचे फोटो काढले, यमुनावहिनीच्या ठिगळ लावलेल्या लुगड्याचा फोटो काढला आणि म्हणाल्या, किती ऑथेंटिक आहे हे सगळं. वहिनीला वाटलं बाई लुगड्याची किंमत विचारते आहे. या मॅडमच्या डोक्यातून निघालं की या जागेला कलाकारांचा इतिहास आहे, तर संकुलाला कलेचंच नाव द्यावं. तीन इमारतींची नावं ठेवली मृदंग, घुंगरू आणि झंकार. आणि राहायला लोक आले त्या पहिल्या महिन्यात सोसायटीनं फळ्यावर लिहिलं की आवारात वाद्यं वाजवू नयेत. शेजारच्या वस्तीत कुणी ढोलक मढवून ठोकून बघितला तरी मृदंगाच्या तिसऱ्या मजल्यावरून खाली निरोप यायचा. मी हे कुणाला सांगते तेव्हा लोक हसतात. मलाही कधी कधी हसू येतं.

चैतरामभाऊनं घरासाठी एक शब्द काढला नाही. तो फक्त एवढंच विचारत राहिला की कापड कुठं पसरू. शेठनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला. म्हणाला, "पेंटरजी, आप तो अपने आदमी हो. पटांगणाचा एक कोपरा तुमच्यासाठीच राखून राहिलो. नाव पण ठरलं, कलांगण." बदल्यात भाऊनं संकुलाच्या लांबलचक कंपाउंडवर आमच्या गल्लीचं चित्र काढून द्यायचं. ढोलकवाले, नाचणारे, पडदे रंगवणारा पेंटर, सगळे त्यात हसतखेळत दिसले पाहिजेत. भाऊ तयार झाला. त्याला भिंत दिसतच नव्हती, त्याला कोपरा दिसत होता.

त्यानं ती भिंत उभ्या उन्हात रंगवली. ओघळणाऱ्या रंगाशी झगडत, अर्ध्या इंचाच्या ब्रशनं. वहिनी रस्त्यापलीकडे टायरवाल्याच्या दुकानाशी उभी राहून ओरडायची. उद्घाटनाला आम्हा जुन्या गल्लीवाल्यांनाही बोलावलं होतं. आमच्या मेकअपवाल्याला फेटा बांधून गेटवर गुलाबपाणी शिंपडायला उभं केलं होतं. ज्या हातानं त्यानं माझ्या चेहऱ्यावर शेकडो वेळा राणी उभी केली, त्या हातात गुलाबदाणी. आत लॉबीत चंदनाचा कसला तरी फवारा मारलेला. तो वास अजून माझ्या नाकातून गेला नाही.

भिंतीवरचं कापड ओढलं. गल्ली जशीच्या तशी होती. माझं दार, हापसा, टेलरच्या खिडकीचा तुटका गज, पटांगण, लोखंडी जिना. फक्त एकही माणूस नव्हता. मॅडमचा चेहरा उतरला. शेठ हसत हसत म्हणाला, "पेंटरजी, यात मानसं कुठं आहेत?"

भाऊ म्हणाला, "रस्त्याच्या पडद्यावर मानूस काढत नाई शेठ. मानसं समोर उभी रायतेत."

आणि खरंच समोर माणसं उभी होती. नवे फ्लॅटवाले, त्यांची मुलं, त्यांचे पाहुणे, भिंतीला पाठ लावून फोटो काढून घेत होते. कुणी माझ्या दाराशी रेलून, कुणी हापशावर हात ठेवल्यासारखा करून. आम्ही गल्लीवाले कॅमेऱ्याच्या मागे उभे होतो. भाऊनं न सांगितलेलं दुसरं कारण त्या दिवशी मला समजलं, रिकाम्या रस्त्यापुढे जो उभा राहतो, रस्ता त्याचा होतो. त्या चंदनाच्या वासाची अशी किळस आली की मी हातातली पेढ्याची वाटी तशीच कठड्यावर ठेवली.

पुढच्या आठवड्यात दुसऱ्या गावाहून चित्रकार आणून भिंतीवर माणसं घातली. वारलीची काडीमाणसं, गोल फेर धरून. मधोमध नऊवारी नेसलेली, कमरेवर हात ठेवलेली लावणीवाली. माझ्या दारासमोर. वारली चांगली, लावणी चांगली, ज्यांची आहे त्यांनी मिरवावी. पण झाडीपट्टीतल्या गोंदियात, आमच्या गल्लीत, ती काडीमाणसं आमच्या नावानं नाचत होती. मला मारलं असतं तरी इतकं लागलं नसतं. खडी गंमतवाल्यांनी त्या वर्षी यावर एक बतावणी बसवली, गावोगाव लोक पोट धरून हसले. भिंत होती तिथंच राहिली.

पुढच्या दसऱ्याला भाऊ मांजरपाटाचा गठ्ठा सायकलवर लादून कलांगणात गेला. तिथं हिरवळ लावलेली. सिमेंट उखडून टाकलं होतं. मधे दगडी ढोलक, बाजूनं बाक, आणि पाटी, की गवतावर पाय ठेवू नये. शेठनं पुन्हा खांद्यावर हात ठेवला. म्हणाला, कापड नको, रविवारी संध्याकाळी येत जा, लहानसा पडदा घेऊन बसा, लोकांना दाखवा कसं रंगवतात ते, डोक्याला फेटा असू द्या. आणि भाऊ गेला. माणूस काय काय गिळतो कामासाठी. फेटा बांधून, टॉवेलाएवढं कापड मांडीवर घेऊन तो बाकावर बसला. वहिनीनं कोपऱ्यात स्टोव्हवर सरस ठेवला.

दहा मिनिटांत खिडक्या लागायला सुरुवात झाली. घुंगरूतल्या एक बाई बाल्कनीतून विचारू लागल्या की गटार फुटलं का. सोसायटीचा सेक्रेटरी नाकाला रुमाल लावून खाली आला. तो काही वाईट वागला नाही, चांगल्या शब्दांत बोलला. म्हणाला की आजकाल बाजारात डब्यातला गोंद मिळतो, त्याला वास येत नाही, हे काय घाण शिजवता. आणि वॉचमनला सांगून स्टोव्हवरच्या भांड्यात बादलीभर पाणी ओतलं. सरस पांढरा पडून हिरवळीवर सांडला. वहिनीनं रिकामं भांडं उचललं, पदरानं पुसलं. भाऊनं फेटा सोडून घडी केली आणि दगडी ढोलकावर ठेवला.

त्या दिवसापासून चैतराम पेंटरनं कुंचा हातात धरला नाही. ती दोघं कामठ्याच्या पलीकडे वहिनीच्या माहेरगावी राहायला गेली. भाऊ तिथं भाच्याच्या शेतावर राखण करायचा. मंडळांना पडद्याची फारशी अडचण पडली नाही, कारण तोवर फ्लेक्स आला होता. मोबाइलवर राजवाडा शोधायचा, दुकानात पाठवायचा, संध्याकाळपर्यंत राजवाडा तयार. मला त्या राजवाड्यांत बाहेरच्या देशांतले खांब दिसायचे, पण प्रेक्षक बिचारे काही बोलत नसत.

अजूनही मी कधी स्टेशनकडे जाताना त्या भिंतीवरून जाते. लावणीवालीचा रंग उडाला आहे आणि तिच्या पदराखालून माझ्या दाराची चौकट वर येऊ लागली आहे. भाऊच्या हातचा रंग होता तो, खालून डोकावणारच. रिक्षावाला विचारतो, बाई, मान कायले वळवून राहिल्या. मी म्हणते, तुमचं लक्ष समोर असू द्या.

भाऊ-वहिनी गेल्यावर काही वर्षांनी त्याच कामठ्यापलीकडच्या गावची मंडई आमच्या मंडळाला मिळाली. सकाळीच पोचलो. स्टेज बांधून झालं होतं आणि दोन पोरं मागे फ्लेक्स ताणत होती. मी पायऱ्या चढले आणि जागेवरच थांबले. फ्लेक्सवर आमची गल्ली होती. तीच भिंत, फोटो काढून मोठी केलेली, काडीमाणसं, लावणीवाली, आणि खाली ठळक अक्षरांत संकुलाचं नाव, वर कोपऱ्यात हात जोडलेला शेठ. शेठ आता निवडणुकीला उभं राहायच्या तयारीत होता, गावोगावच्या मंडया त्याच्या देणगीवर चालत. आयोजक कौतुकानं सांगत होता की रस्त्याचा सीन शेठनी फुकटात दिला, उद्घाटनालाही तेच येणार, उजेडातच, पुढं त्यांना आणखी दोन मंडया आहेत.

मी सरळ भाऊच्या घरी गेले. तो ओसरीवर दोर वळत बसला होता. मी म्हटलं, "भाऊ, त्या फ्लेक्सापुढं मी उभी नाई राहत. नाटक मोडलं तरी चालते."

"मले कायले सांगून राहिली? मी सोडलं ते," तो दोरावरची नजर न काढता म्हणाला.

वहिनी आतून ऐकत होती. तिनं तांदळाच्या कोठीत हात घालून फडक्यात बांधलेली सरसाची लादी काढली, उखळाशी बसून फोडली आणि अंगणातली चूल पेटवली. इतकी वर्षं तिनं ती लादी जपली होती आणि भाऊला पत्ता नव्हता. थोड्या वेळानं वास सुटला. भाऊचा हात दोरावर थांबला. तो उठला आणि शेजारच्याला विचारायला गेला की घर सारवायचा कुंचा आहे का.

मंडपवाल्याचं पांढरं कापड कुरकुरत का होईना मिळालं. वहिनीच्या भाच्यानं आपलं खळं दिलं. धान अजून यायचं होतं, सारवून ठेवलेली जमीन मोकळी होती. शेण कापडाला लागू नये म्हणून खाली काहीतरी अंथरायला हवं होतं, तर पोरांनी स्टेजवरचा तो फ्लेक्स सोडून आणला; मी नाटक मोडीन म्हटल्यावर आयोजकानं हात वर केले होते. शेठसकट सगळी काडीमाणसं पसरली, वर कापड घातलं, कडांना विटा. त्या फ्लेक्सचा तेवढा उपयोग झाला. निळीची पुडी, गेरू, खडू, चुलीतला कोळसा, जे मिळेल ते सरसात कालवलं. भाऊ चप्पल काढून कापडावर उतरला. वहिनी, सत्तरीच्या घरातली बाई, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर चढली आणि तिथून तिचा आवाज फुटला, हापसा कलून राहिला. भाऊनं तिला जी शिवी दिली ती इथं लिहिता येत नाही. ऐकून मला रडू आलं.

ऊन कडक होतं, दुपारभरात कापड सुकलं, पण पुरतं नाही. तसंच ओलसर उचलून स्टेजवर टांगलं. खाली चुलीवरचं भांडं, पडदा शिवायचा राहिलेला काठ चिकटवायला, स्टेजच्या बाजूला आणून ठेवलं होतं. वारा पुढच्या खुर्च्यांकडे वाहत होता.

शेठ आला तेव्हा सूर्य बांधांना टेकला होता. बरोबर संकुलातली आठदहा कुटुंबं, खास गाड्या करून, मंडई बघायला आलेली. पहिल्या रांगेतल्या गादीच्या खुर्च्यांवर सगळे बसले. शेठनं पडद्याकडे बघितलं, आपला फोटो शोधला, मग भाऊला ओळखलं. त्याच्या तोंडावर ते जुनं हसू आलं. ते तिथं फार वेळ टिकलं नाही. आधी एका बाईनं पदर नाकाला लावला, मग तिच्या मुलीनं ओकारी आल्यासारखं केलं, मग रुमाल निघाले. माइकवाला शेठच्या कार्याची स्तुती करत असतानाच पहिली रांग उठायला लागली. शेठ नारळ घाईनं फोडून, दोन शब्द बोलून, पुढच्या मंडईला निघाला. गाड्यांची धूळ वर उठली.

गादीच्या खुर्च्या रिकाम्या पडल्या. मग मागे पोत्यांवर बसलेल्या म्हाताऱ्या बाया एकेक करून पुढे आल्या आणि ऐसपैस बसल्या. एकीनं जोरात नाक ओढलं आणि शेजारणीला म्हणाली, पडदा नवा दिसून राहिला.

मी तोंडाला रंग लावून पडद्यापुढे गेले. माझं दार बघितलं. भाऊ विंगेत हात धूत होता. मी म्हटलं, "भाऊ, माझं दार जरा डावीकडं गेलं."

"तू उभी राय तिथं," तो म्हणाला. "मंग दिसन बरोबर."

मी जाऊन उभी राहिले.